ज्ञानाचे वजन, पाच किलोपर्यंत

जुन्या पुस्तकांची टपालाने अदलाबदल, म्हणजे आपले वाचून झालेले पुस्तक परगावच्या वाचकास धाडून त्याचे वाचून झालेले आपण मागवणे, हा काटकसरीचा राजमार्ग समजला जातो. मात्र या मार्गावर जकातनाके किती, याचा विचार काटकसर करणारा सहसा पुडके बांधून झाल्यावरच करतो. धार जिल्ह्यातील कुक्षी हे गाव या विषयाच्या अभ्यासास विशेष सोयीचे आहे. पूर्वीच्या धार संस्थानातल्या या गावाच्या बाजारात निमाडी, भिली आणि हिंदी चालते, आणि पवारांच्या राज्याबरोबर माळव्यात स्थिरावलेल्या कुळांचे मराठी आता देवघरापुरते आणि दिवाळी अंकापुरते उरले आहे. मराठी पुस्तक येथे दुकानातून येत नाही. ते पुण्याच्या आत्याच्या पिशवीतून, चकलीच्या डब्याखाली दबून येते आणि मग धार, देवास, इंदूर असे नातेवाइकांत फिरत राहते.

हे फिरणे पूर्वी बुक पोस्टाने होई. बुक पोस्ट म्हणजे छापील मजकुरासाठीचा सवलतीचा दर, ज्यासाठी पुडके दोन्ही टोकांना उघडे ठेवून सुतळीने बांधावे लागे, म्हणजे आत चिठ्ठी दडवलेली नाही याची खातरजमा टपाल कर्मचाऱ्यास करता येई. प्रवासात पुस्तकाचे कोपरे दुमडत, पण सरकारचा विश्वास अभंग राही. या सेवेचा नोंदणीकृत प्रकार डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाला आणि १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ अवतरले. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, चढत चढत ५ किलोला १०० रुपये, कर वेगळा. दर स्वस्त आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. त्यातून निघणारा सिद्धान्त असा की थोडके ज्ञान किलोला सुमारे ६७ रुपये पडते, तर भरघोस ज्ञान २० रुपये किलोने, म्हणजे रद्दीच्या भावाशी नाते सांगत जाते. त्यामुळे एकच कवितासंग्रह पाठवणारा उधळ्या ठरतो आणि ज्ञानकोशाचे खंड पाठवणारा संसारी.

खरी मौज अटींत आहे. ठरावीक काळाने निघणारे प्रकाशन, म्हणजेच नियतकालिक, ज्ञानात मोडत नाही. पुस्तकांच्या याद्यांसारखा किरकोळ अपवाद वगळता जाहिराती असलेला छापील मजकूरही मोडत नाही. शिवाय प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव हवे. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरांची वर्षाची वाचनबेगमी ज्या वस्तूवर चालते, ती वर्षातून एकदा आणि जाहिरातींच्या जिवावर निघत असल्याने एकाच वेळी दोन कलमांखाली दोषी ठरते. देवासकरांना अशी वाटणी नवी नाही. थोरली पाती आणि धाकटी पाती, म्हणजे एकाच पवार घराण्याच्या दोन शाखा, एकाच गावात दोन राज्ये करून १९४८ पर्यंत नांदल्या. छापील कागदाच्याही आता तशाच दोन पाती झाल्या असून, कथा संग्रहात शिरली की ती थोरली आणि ज्ञान, तीच कथा अंकात असली की धाकटी आणि नुसते पार्सल.

नियम पाळून पैसे वाचवू पाहणाऱ्यास अंक सोलणे एवढाच उपाय उरतो. सोन्याच्या पेढीची, मसाल्याची आणि सहकारी बँकेची पाने कापावीत, तर बँकेच्या ठेवींच्या पाठीवर कथेचा शेवट निघतो. अंक पुस्तकासारखा दिसावा म्हणून वर्षाचा उल्लेख असलेले पान फाडावे, तर मुद्रक-प्रकाशकांची नावे त्याच पानाच्या तळाशी असतात, आणि ती गेली की हातात राहते ते ना नियतकालिक, ना पुस्तक. दहा हातांतून गेलेल्या कादंबऱ्यांची पहिली पाने तर आधीच गळालेली असतात. म्हणजे जितके जास्त वाचले गेले तितके त्यांचे ज्ञानत्व कमी झाले. संस्कृतात ‘कुक्षी’ म्हणजे उदर, तेव्हा तेथे गेलेले पुस्तक परतत नाही अशी कोणा देवासकराने तक्रार केलीच, तर तिला निदान शब्दकोशाचा आधार आहे.

परिणामी दिवाळी अंक अखेर खासगी बसने, ड्रायव्हरच्या पाठीमागच्या फळीवरून जातो. कंडक्टर नियतकालिकाची व्याख्या विचारत नाही. ‘इंदौर में लेने कौन आएगा’ एवढेच विचारतो आणि पुडक्यावर मोबाइल नंबर लिहून घेतो. ते सोडवून आणण्यासाठी इंदूरच्या गंगवाल बसस्थानकापर्यंत रिक्षाला पडणारे जाण्यायेण्याचे भाडे काटकसरीच्या वहीत मांडण्याची प्रथा नाही.