अळूच्या बेचक्यातलं पाणी

कर्जतकडच्या गावांतून भर पावसाळ्यात हिंडताना माझ्याबरोबर एक डासवाला असायचा. मी झाडपाल्यातला. दोघांत मिळून जीपचं भाडं परवडायचं, एवढाच आमच्या मैत्रीचा पाया. मला रानभाज्यांचे नमुने हवे असत, त्याला डासांचे. माझ्या पाठीवर दोन लाकडी फळ्या आणि किलोभर रद्दी, त्याच्या हातात टॉर्च आणि तोंडाने ओढायची काचेची नळी. पहिल्या वर्षी एका घरापुढे उभे राहिलो तर आतून एक आजी आल्या, माझ्याकडची रद्दी पाहिली आणि एक फुटकं घमेलं आणून समोर ठेवलं. ‘लोखंडाचा काय भाव देता?’ तेव्हापासून तीन पावसाळे आम्ही त्याच आजींच्या पडवीत मुक्काम केला.

डासवाल्याची नळी हा आजींच्या कुतूहलाचा विषय होता. पहाटे गोठ्यात शिरायचं, भिंतीवर विसावलेल्या डासावर नळीचं तोंड धरायचं आणि हळूच श्वास आत ओढायचा, डास नळीत. मध्ये जाळीचा तुकडा असतो, म्हणून तो पोटात जात नाही. ‘आणि जाळी फाटली तर?’ आजींनी पहिल्याच दिवशी विचारलं. डासवाल्याने उत्तर दिलं नाही, पण नळी उघडून जाळी तेवढी तपासली.

गोठाच का, तर हिवतापाच्या डासांतली आपल्या खेड्यांतली एक मोठी जात माणसापेक्षा जनावराच्या रक्तावर जास्त पोसते. डासिणीचं पोट तपासलं की रात्री तिने कुणाकडे जेवण केलं ते प्रयोगशाळेत सांगता येतं. आजींना ही विद्या फार आवडली. गावात कोण कुणाकडे जेवलं याची माहिती त्यांना उपजतच असायची. त्यासाठी इतकं शिकावं लागतं हे मात्र नवीन होतं.

माझं काम दिसायला सभ्य, पण पावसाळ्यात त्याच्याइतकं दळभद्री काम नाही. झाडाची फांदी कागदात दाबायची आणि रोज कागद बदलून वाळवायची. वाळवणार कुठे? आठ-आठ दिवस ऊन नाही. टाकळ्याला बुरशी, कुर्डूला बुरशी, भारंगीची निळसर फुलं काळी पडलेली. शेवटी आजींनी चुलीवरच्या माळ्यावर माझी रद्दी पसरली. तिथे सुकट टांगलेली होती. माझ्या त्या वर्षीच्या नमुन्यांना जो वास आहे तो कुठल्याही वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात सापडायचा नाही.

नावांचीही गंमत. फोडशीची जुडी आजी दोन मिनिटांत निवडून टाकत. मी तिच्यापुढे भिंग घेऊन अर्धा तास. तिच्या कुळातल्या सफेद मुसळीचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलियानम. लॅटिनच्या त्या गंभीर दरबारात आपली बोरिवली अशी जाऊन बसली आहे, तीही लोकलमध्ये न चढता.

पण माझी खरी फजिती केली ती शेवळांनी. जूनच्या पहिल्या सरींबरोबर रानात जमिनीतून वर येतात ती. सुरणाच्या गोतातलं झाड. पान यायच्या आधी फुलोरा येतो आणि त्याचीच भाजी करतात. आजींच्या हातची भाजी खाऊन मी इतका खूश झालो की जुडी घेऊन शहरात आलो आणि स्वतः केली. खालचा पिवळा दाणेदार भाग काढून टाकला, चिरलं, परतलं, शिजवलं. पहिल्या घासाला काही नाही. दुसऱ्या घासाला जिभेवर कुणी तरी टाचण्यांचा डबा उपडा केला. सुरणाच्या गोतात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, हे मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवत आलेलो. फळ्यावर त्यांची आकृती काढतो. पुढच्या खेपेला आजींना सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, ‘मास्तर, काकडं घातली नाही का?’

काकड हे झाड. त्याची लहान, हिरवी, आंबट फळं त्याच दिवसांत धरतात आणि शेवळांच्या भाजीत ती पडली की घसा सुखरूप राहतो. अळूला चिंच तशी शेवळांना काकडं. मला स्फटिकांचा आकार ठाऊक होता, काकडं ठाऊक नव्हती. आंबट कुठलं, किती आणि कधी, हे ठरेपर्यंत या डोंगरांत किती घसे खाजले असतील! दप्तरी त्यांची नोंद नाही. नोंद बहुधा लिहिणाऱ्याची होते. सतराव्या शतकात कोचीनच्या व्हान ऱ्हीड या डच अधिकाऱ्याने मलबारच्या झाडाझुडपांवर ‘हॉर्टस मलाबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. 1678 ते 1693 अशी पंधरा वर्षं तो छापला जात होता. त्यात इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्यांचं नाव आहे, रंगभट, विनायक पंडित आणि अप्पुभट या तिघा कोंकणी वैद्यांचंही आहे, आणि चित्रांवर झाडांची कोंकणी नावं चक्क नागरीत आहेत. हे पाहून कुणाही कोकण्याची छाती फुगावी. झाडावर चढून फांदी तोडून आणणाऱ्याचं नाव शोधायला गेलात तर मात्र ती छाती पुन्हा जागेवर येते.

रात्री डासवाल्याची पाळी. पूर्वी या लोकांची पद्धत अशी होती की उघड्या पायांनी अंधारात बसायचं आणि पायावर उतरलेला डास चावायच्या आत पकडायचा. तो सांगायचा की चपळाई लागते. मी म्हणायचो, वेड लागतं. त्यावर तो रोनाल्ड रॉसची कथा काढी. 1897 साली सिकंदराबादेत रॉसने हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रोग्याला दर डासामागे एक आणा देऊन चावून घ्यायला लावलं आणि 20 ऑगस्टला डासाच्या जठरात त्याला हिवतापाचा जंतू सापडला. रॉसला 1902 मध्ये नोबेल मिळालं. ‘आणि त्या खानाला?’ आजींनी अंधारातून विचारलं. ‘आणे,’ डासवाला म्हणाला. आजींनी पलीकडे शेगडीत कडुनिंबाचा पाला टाकला. त्या धुराने डास पळाले, त्याच्या त्या रात्रीच्या कामाचं वाटोळं झालं, आणि मी तीन पावसाळ्यांत प्रथमच स्वस्थ झोपलो.

आता अळू. आजींच्या मोरीच्या सांडपाण्यावर परसात अळूचं रान माजलं होतं. काळ्या देठाचं वडीचं एका बाजूला, हिरव्या देठाचं भाजीचं दुसऱ्या बाजूला. डासवाला तिथे चिखलात गुडघे टेकून बसलेला मला दिसला. अळूचा देठ जिथे खोडाला बिलगतो तिथल्या बेचक्यात पावसाचं चमचाभर पाणी साठतं, आणि त्या चमचाभर पाण्यात अळ्या वळवळत होत्या. तो पुटपुटत होता, ‘मलाया असेल. मलाया असली तर!’

मलाया ही डासांची एक प्रजाती. अळूसारख्या झाडांच्या बेचक्यांत वाढते आणि माणसाला चावत नाही. तिचं पोट भरतं मुंग्यांवर. पोट वर उचलून चालणाऱ्या काळ्या मुंग्या झाडावर ये-जा करत असतात. हा डास मुंगीसमोर हवेत तरंगत राहतो, तिची वाट अडवतो आणि सोंड तिच्या तोंडाशी नेतो. मुंगी पोटातला गोड थेंब त्याला देते आणि पुढे जाते. रक्त नाही, गुणगुण नाही, ताप नाही. माधुकरी मागून जगणारा डास. आयुष्यभर चावऱ्यांत वावरलेल्या माणसाला त्याचं केवढं अप्रूप वाटत असेल ते मी समजू शकतो.

अळीवरून खात्री होईना. मग त्याने पिचकारीने ते पाणी प्लास्टिकच्या पेल्यात घेतलं, वर फडकं बांधलं आणि पेला पडवीच्या कोपऱ्यात ठेवला. चार-सहा दिवसांत डास बाहेर येतील, मग कळेल. मी त्याच झाडाचं एक पान देठासकट दाबायला घेतलं. उरलेले देठ आजींनी विळीवर सोलले.

आम्ही दुपारभर ओढ्यावर होतो. परत आलो तर ताटात फतफतं वाढलेलं, चिंच नेमकी, वर मिरचीची फोडणी. डासवाला ताटावर न बसता आधी कोपऱ्याकडे गेला. पेला स्वच्छ धुऊन पालथा घातलेला होता, फडकं दोरीवर.

‘आशाताई येऊन गेल्या,’ आजी म्हणाल्या. ‘आज कोरडा दिवस. घरात साठलेलं पाणी ठेवायचं नाही म्हणाल्या, त्याच्यात डास होतात.’ आणि मग थोड्या समजुतीच्या सुरात, ‘तुम्हीच ना शिकवता त्यांना?’

डासवाला ताटावर बसला. फतफतं दोनदा घेतलं त्याने. संध्याकाळी टॉर्च घेऊन परसात गेला, तेव्हा भाजीच्या बाजूला एकही देठ उभा नव्हता. वडीचे दोन होते, पण ते आजींनी पाहुण्यांसाठी राखले होते. हात लावायची सोय नव्हती.