बरणीशास्त्रात बीएस्सी

बाळापुरात बीएस्सीला सीबीझेड, म्हणजे केमिस्ट्री, बॉटनी, झुऑलॉजी घेतलं, की पोरगं अर्धा डॉक्टर झालं असं लोक धरून चालतात. ॲडमिशनच्या तिसऱ्याच दिवशी शेजारचे भाऊ गोठ्यातून ओरडले, "बायलॉजी शिकून रायला ना बे? मंग माह्या गाईले काय झालं, पाय ना जरा." काय झालं ते गाईला ठाऊक होतं, भाऊंना थोडंफार ठाऊक होतं, नव्हतं ते फक्त मला.

गावात मन आणि म्हैस या दोन नद्यांचा संगम आहे. आमच्या वर्गात पहिलीचा पत्ता नसे आणि दुसरीच्या नावानं सर हाका मारत. वनस्पतिशास्त्राची चिंता नव्हती, कारण संगमावरचा किल्ला १७५७ साली पुरा झाला तो जणू आमच्या हर्बेरियमसाठीच. तटाच्या विटांतून काहीही उपटा, रद्दी पेपरात दाबा, चिकटवा. नावं आजी सांगे. आघाडा, केना, तरोटा. तिनं तरोट्याची भाजी केली तेव्हा मी ऐटीत सांगितलं, "आजी, याचं नाव आधी कॅशिया टोरा होतं, आता सेना टोरा झालं."

"आँ? सरकारनं त्याचंबी नाव बदललं?"

घोडं अडलं ते प्राणिशास्त्रात. २०१४ मध्ये यूजीसीनं विच्छेदन बंद केलं. बेडूक सुटले, आम्ही सापडलो. कारण आता सगळी भिस्त कपाटातल्या बरण्यांवर. फॉर्मलीनमध्ये वर्षानुवर्षं मुरून सगळे प्राणी एकाच रंगाचे झालेले, म्हणजे रंग उरलेलाच नव्हता. लेबलं कसर खाऊन गेलेली. विभागात जिवंत नमुना म्हणावा अशी ती कसर एकटीच.

पण वऱ्हाडी पोट्टं असं हरत नाही. सीनियरांनी आम्हाला विद्या दिली: तडा गेलेली बरणी म्हणजे एस्कॅरिस, लाल झाकण म्हणजे समुद्रकाकडी, सुतळी बांधलेली म्हणजे गांडूळ आणि तिच्या शेजारची, जिच्यावर अजून 'मिक्स लोणचे' वाचता येतं, ती इक्थिओफिस. तीन वर्षं आम्ही बरण्या पाठ केल्या. आत कोण राहतं, याची चौकशी करणं शिष्टाचाराला धरून नव्हतं.

शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला अमरावतीहून एक्स्टर्नल परीक्षक आले. विभागाची इभ्रत म्हणून प्रयोगशाळेतले काका आदल्या रात्री उशिरापर्यंत थांबले होते. सकाळी आत गेलो आणि पोटात गोळा आला. टेबलावर ओळीनं जवळजवळ सगळ्या बरण्या नव्याकोऱ्या, सारख्या, लख्ख. काका दारात उभे राहून कौतुकाची वाट पाहत होते.

मी सुतळी शोधली. नव्हती. देवाचं नाव घेऊन 'गांडूळ' लिहिलं.

एक्स्टर्नल शांतपणे म्हणाले, "गांडुळाला जबडा असतो का?"

"नाही सर."

"मग बघा."

तीन वर्षांत पहिल्यांदा मी बरणीच्या आत पाहिलं. जबडा होता. दातही होते. तो इक्थिओफिस, पाय नसलेला उभयचर, बेडकाचा लांबचा भाऊबंद, माझ्याकडे तोंड करून होता आणि इतक्या वर्षांनी कुणीतरी विचारपूस केली म्हणून, मला वाटलं, थोडा हसलाही.

स्पॉटिंगमध्ये, म्हणजे नमुने ओळखण्यात, मला दहापैकी तीन आले. त्या तीन जुन्या बरण्यांची झाकणं काकांना उघडता आली नव्हती.