गाडी बसलीय!

भाऊकाका उभी गाडी समोरून कधीच बघत नाहीत. मागे जातात, दहा पावलं लांब थांबतात, एक डोळा मिटतात आणि म्हणतात, "उजवीकडं बसलीय." गाडी कुणाची का असेना. एका लग्नात फुलांनी सजवलेल्या गाडीमागे ते टेप घेऊन उकिडवे बसले, तर मुलीचे वडील धावत आले. "पंक्चर?" "छे, पंक्चर कसलं," काकांनी धीर दिला, "पाटा गेलाय." त्या बापाला पंक्चर परवडलं असतं.

स्वतः काकांची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातली, मूळची फियाट अकराशे, १९७४ पासून पद्मिनी. इंजिन १०८९ सीसी, पुढे कॉइल स्प्रिंगा, मागे सरळसोट ॲक्सल आणि दोन बाजूंना दोन पाटे. हीसुद्धा मागून उजवीकडे पाऊण इंच खाली. मिस्त्रीनं नुसती नजर टाकून "पाटे बदला" म्हटलं की काकांच्या कपाळाला आठी. "आधी मोजा, मग बोला!"

हे मोजणं म्हणजे रविवारचं कार्य. गाडी रिकामी हवी, म्हणून डिकीतून पाण्याचा कॅन, ताडपत्री आणि काकूंनी दळणासाठी ठेवलेले गहू बाहेर. टायर एकाच मापाचे, हवा दोन्हीकडे सारखी. जमीन सपाट हवी. पण पार्किंगला पावसाचं पाणी वाहून जायला उतार दिलेला. गवंड्यासारखी पाण्याची नळी लावून काकांनी शोध लावला, की अख्ख्या सोसायटीत सपाट जागा एकच, सेक्रेटरींची. ते बिचारे पायजम्यावर येऊन आपली गाडी काढून देतात. मग डिकीवर दाब देऊन गाडी झुलवायची, जरा पुढेमागे ढकलायची आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप धरायची. "जमिनीपासून मोजलंस तर त्यात टायर आला ना!" टेपचं दुसरं टोक धरणाऱ्याला हे दर वेळी ऐकावं लागतं.

एवढ्यावर भागत नाही. पाठ दुखते म्हटल्यावर वैद्यानं पाय तपासावेत, तसे काका पुढे जातात. पुढच्या दोन चाकांच्या बरोब्बर मध्ये जॅक लावून तोंड उचललं आणि मागचं सरळ झालं, तर खोट पुढच्या स्प्रिंगेत. सरळ झालं नाही. मग पाट्यांच्या रबरी बुशांवर संशय. मिस्त्रीनं चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळले होते. तसं केलं की रबर पिळलेलंच राहतं. काकांनी ते सैल करवून, गाडी चाकांवर उभी करून पुन्हा आवळून घेतले. फरक एका सुताचा. काका तेवढ्यावरही खूश!

शेवटी दोन्ही पाट्यांची अदलाबदल. कल उजवीकडेच राहिला तर दोष बॉडीत, डावीकडे गेला तर पाट्यात. कल डावीकडे गेला. काकांनी चक्क पेढे आणले.

"इतकी वर्षं एकटाच ऑफिसला जायचो ना, सगळा भार ड्रायव्हरच्या बाजूला," त्यांनी निदान सांगितलं.

"मलाही फिरवलं असतंत तर दोन्ही बाजू सारख्या बसल्या असत्या," काकू आतून म्हणाल्या. त्या दिवशी पुढचं मोजमाप झालं नाही.

खरं तर आता नाना पेठेत जाऊन पाट्यांची जोडी आणली की काम संपलं. पण तेच काकांना नको असावं. "जोडी घ्यायची तर दोन्हींची कमान मोजून घ्यायची. घाई नाही." तोवर गाडी डावीकडे, म्हणजे काकू बसतात त्या बाजूला, झुकून चालते आणि सिग्नलला लोक काकूंकडे बघतात.

जुनी गाडी घ्यायची असेल तर भाऊकाकांना जरूर बरोबर न्या. काही न मोजता भाग बदलायला लावणाऱ्या मिस्त्रीपेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतात. फक्त रविवार अख्खा मोकळा ठेवा.