पुराला शिस्त म्हणून नाही

आपल्या आपत्ती व्यवस्थापनात काही खोट नाही. खोट आहे ती आपत्तीत. व्यवस्था तर इतकी चोख, की 2005 च्या कायद्याप्रमाणे राष्ट्रीय प्राधिकरणाचे अध्यक्ष पंतप्रधान, राज्याच्या प्राधिकरणाचे मुख्यमंत्री आणि जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे जिल्हाधिकारी. त्यांच्या खाली प्रांत, तहसीलदार, मंडळ अधिकारी, आणि सगळ्यांच्या खाली, पोटरीभर चिखलात, तलाठी. एवढी मंडळी ओळीनं उभी असताना 2025 च्या सप्टेंबरात सीना नदीनं कुणालाही न विचारता पात्र सोडलं. आता याला काय म्हणायचं?

मुळात पावसाला निकष ठाऊक नसतात. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर पडला की अतिवृष्टी. 64 पडला तर तो नुसता पाऊस. त्यात शेत वाहून गेलं तर तो शेताचा हळवेपणा. पर्जन्यमापक असतो मंडळाच्या गावी आणि ढग फुटतो पलीकडच्या शिवारात. मंडळाचा नकाशा तहसील कचेरीत भिंतीवर टांगलेला आहे. ढगाला तो बघायला कुणी नको म्हटलं होतं का?

2019 च्या ऑगस्टात कोल्हापूर-सांगली बुडाली, तेव्हा मोफत गहू-तांदूळ हवा असेल तर घर दोन दिवस पाण्याखाली असलं पाहिजे, असा शासन निर्णय निघाला होता. लोकांनी केवढा गहजब केला! मला तो निर्णय अजून आवडतो. त्यात एक स्पष्टता होती. सत्तेचाळीसाव्या तासाला पाणी उतरायला लागलं, तर घरधन्यानं चार बादल्या आत ओतून उरलेला तास भरून काढावा. थोडा लोकसहभाग नको का?

एक मात्र मान्य करायला हवं, माणसं बाहेर काढण्याचं काम आता पूर्वीपेक्षा पुष्कळ बरं होतं. तळेगावजवळच्या सुदुंबऱ्याहून राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या निघतात, बोटी लागतात, पत्र्यावर रात्र काढलेली म्हातारी सुखरूप खाली येते. गोंधळ सुरू होतो तो पाणी उतरल्यावर. तोवर पूरग्रस्त असलेला माणूस मग अर्जदार होतो.

पंचनाम्याला तिघं येतात: तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक. या तिघांवर कामाचा किती बोजा आहे हे शासनाच्या ध्यानात आलं आणि तातडीनं तिघांची पदनामं बदलण्यात आली. आता ते ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी आहेत. गावं तेवढीच, मोटारसायकल तीच. माढा तालुक्यात सीनाकाठच्या एका बांधावर त्यांचा आणि एका तात्यांचा संवाद साधारण असा चालतो:

"तात्या, ई-पीक पाहणी केलेली दिसत नाही."

"करणार व्हतो भाऊसाहेब. आधी रेंज न्हवती, मग पाणी आलं."

"मुदत वाढवून दिली होती की. बरं, अजून जमतंय. पिकात उभं राहून फोटो टाका."

"पीक कुठाय?"

"मग जिथं होतं तिथं उभे राहा. लोकेशन घ्यायला लागतं."

"तिथं आता नदी हाय."

भाऊसाहेब मोबाईल डोक्यावर धरून रेंज शोधत गोल फिरतात. त्यांचाही काही दोष नाही. ई-पीक पाहणीच्या ॲपात 'नदी' असा पर्यायच नाही.

मदत मिळायची तर नुकसान 33 टक्के तरी हवं. 2015 पर्यंत हीच अट 50 टक्क्यांची होती, तेव्हा प्रगती नाही असं कोण म्हणेल? सोयाबीन आडवं झालंय, शेंगांना मोड फुटलेत, खालून कुजका वास येतोय. हे 32 टक्के की 34, ते बांधावरून नजरेनं ठरतं. नजर 34 वर स्थिरावली, तर केंद्राच्या निकषानं कोरडवाहूला हेक्टरी 8,500 रुपये. म्हणजे गुंठ्याला 85. तालुक्याच्या गावी एवढ्यात दोघांची मिसळ होत नाही. पण गुंठ्यानं मिसळ खावी अशी अपेक्षाही नाही.

जनावरांच्या बाबतीत तर पुरानं बेजबाबदारपणाची हद्द केली. दुभत्या गाई-म्हशीला 37,500 रुपये आहेत. पण जनावर मेल्याचा दाखला हवा आणि दाखल्याला जनावर हवं. तात्यांच्या गोठ्यात दावं मिळालं. म्हैस सीनेतून भीमेत आणि भीमेतून कर्नाटकात गेली, आणि तिचं शवविच्छेदन हा आंतरराज्य नदी पाणीतंट्याचा विषय झाला. शिवाय केंद्राच्या निकषात मोठी दुभती जनावरं धरतात ती तीनच. 2025 च्या पुरानंतर राज्यानं ही मर्यादा काढली, हे मनापासून चांगलं केलं. चौथ्या म्हशीला न्याय मिळाला. कोंबडीला शंभर रुपये, मात्र कुटुंबाला दहा हजारांच्या वर नाही. तेव्हा एकशे एकाव्या कोंबडीनं पोहायला शिकावं.

समन्वयासाठी माझी एक नम्र सूचना आहे. पीक बघायला कृषी खातं, जनावर बघायला पशुसंवर्धन, घर बघायला महसूल आणि वाकलेला खांब बघायला वीज कंपनी, असे सगळे तात्यांकडे वेगवेगळ्या दिवशी येतात. प्रत्येक वेळी तात्या सातबारा, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स देतात. झेरॉक्स मशीन बुडालेलं आहे, म्हणून त्यासाठी बार्शीला जातात. यापेक्षा पुरानंच खातेनिहाय यावं. सोमवारी पिकात, मंगळवारी गोठ्यात, बुधवारी घरात. शनिवार-रविवार सुट्टी.

पैशाचं म्हणाल, तर तो कमी नाही. ऑक्टोबरात राज्यानं 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. आकडा ऐकून तात्यांना बरं वाटलं, कारण एवढ्यातलं थोडं तरी माढ्यापर्यंत वाहत येईल. फक्त त्याआधी फार्मर आयडी हवा, नाही तर यादीत व्हीके नंबर, म्हणजे विशिष्ट क्रमांक, आला पाहिजे आणि ई-केवायसी करून अंगठा उमटला पाहिजे. महिनाभर गाळ उपसलेल्या अंगठ्यावर रेषा कितीशा राहणार? मशीन म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा. तात्या अंगठा धोतराला पुसून पुन्हा प्रयत्न करतात.

केंद्राची वाट तर याहून सुबक. राज्यानं निवेदन धाडायचं, आंतरमंत्रालयीन पथक येणार, पथकाचा अहवाल उपसमितीपुढे, उपसमितीचा उच्चस्तरीय समितीपुढे. पूर सप्टेंबरात आला, पथक नोव्हेंबरात. एव्हाना ज्यांच्या रानात माती उरली होती त्यांनी ती सावरून हरभरा टाकला होता. लोकांना धीर म्हणून नसतो.

पथकाची गाडी बांधाला लागली. साहेबांनी हिरवा हरभरा पाहिला आणि समाधानानं मान डोलावली. मग तात्यांना विचारलं, पाणी नेमकं कुठवर आलं होतं?

तात्यांनी वर बोट केलं. बांधावरच्या बाभळीच्या शेंड्याला सोयाबीनचं काड, ठिबकची नळी आणि कुणाच्या तरी घरातली सतरंजी अडकून लोंबत होती. साहेब बराच वेळ वर बघत राहिले. मग त्यांनी सोबतच्या माणसाला लिहून घ्यायला सांगितलं: "एक बाभूळ. नुकसान आढळले नाही."