स्वयंप्रकाशित कादंबरीकार : झाडीपट्टीतील एक उपेक्षित घटक

मराठी ग्रंथव्यवहाराचा विचार बहुधा पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात सुरू होऊन तेथेच आटोपत असल्यामुळे, गोंदिया तालुक्यातील दवनीवाड्यासारख्या गावी बसून कादंबरी लिहिणारा, पदरच्या पैशाने ती छापणारा आणि स्वतःच ती विकू पाहणारा लेखक अभ्यासकांच्या नजरेतून निसटला आहे. अशा लेखकास येथे ‘स्वयंप्रकाशित कादंबरीकार’ म्हटले आहे. लेखक, मुद्रितशोधक, प्रकाशक, वितरक आणि हमाल ही पाच पदे एकाच देहात एकवटणे हे त्याचे व्यवच्छेदक लक्षण होय. मात्र यांपैकी शेवटचे पद वगळता कोणत्याच पदाचे काम चारचौघांना दिसत नसल्याने, गठ्ठे उतरवतानाच काय तो गावाला त्याच्या उद्योगीपणाचा प्रत्यय येतो.

गोंदियाहून निघणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस नागपूर, मनमाड, पुणे करीत कोल्हापूर गाठते, त्यामुळे हस्तलिखिताला पुण्यापर्यंत जाण्यासाठी गाडीदेखील बदलावी लागत नाही. अडचण परतीची असते, कारण पुण्याहून होकार येत नाही, नकारही येत नाही, आणि या मौनाचा अर्थ लावण्यात वर्ष सरले की लेखक छापखान्याची पायरी चढतो. तेथे त्याची गाठ ‘फॉर्म’ या संकल्पनेशी पडते. फॉर्म म्हणजे छापलेल्या मोठ्या कागदाला घड्या घालून तयार होणारा, बहुधा सोळा पानांचा संच. पुस्तकाचा खर्च याच हिशेबाने वाढत असल्यामुळे दोन पानांसाठी नवा फॉर्म सुरू करणे परवडत नाही. पहिल्या मसुद्यात तीन प्रकरणे अंथरुणाला खिळलेला नायकाचा बाप पुस्तकात एका परिच्छेदात का दगावतो, याची मीमांसा समीक्षकांनी नियतिवादात न शोधता छापखान्याच्या दरपत्रकात शोधावी, हे उचित ठरेल.

या परिसरात लेखनाला गिऱ्हाईकच नाही असे म्हणावे, तर झाडीपट्टी रंगभूमी आडवी येते. झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील धानाचा आणि जंगलाचा पट्टा. दिवाळीच्या सुमारास येथे गावोगाव मंडई भरू लागते, म्हणजे पाहुणेरावळे, दुकाने, सोयरिकीच्या बोलण्या आणि रात्री नाटक असा उत्सव होतो. हे नाटक गावचे मंडळ गडचिरोली जिल्ह्यातील वडशाच्या एखाद्या नाटक कंपनीकडून ठरवून आणते, भोंगा लावलेली गाडी आसपासच्या गावांतून फिरते, आणि कडाक्याच्या थंडीत अंगावर घोंगडी घेऊन लोक तिकीट काढून पहाटेपर्यंत बसतात. या रंगभूमीवरील नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली, यावरून तिचा दबदबा ध्यानी यावा. परंतु तोच दारुडा बाप, तीच सावत्र आई आणि तीच गहाण पडलेली धानाची बांधी कादंबरीच्या पानांत शिरली, की काल तिकिटासाठी रांगेत धक्के खाल्लेला रसिक ‘एक कॉपी देऊन ठेवा’ असे म्हणून मोकळा होतो. याचे कारण साहित्यिक नसून सामाजिक आहे : नाटक न पाहणाऱ्याला दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर तोंड उघडता येत नाही, तर कादंबरी न वाचल्याने कोणाचेही काही अडत नाही.

हे ओळखून एखादा धूर्त कादंबरीकार मंडईतच, भज्यांची कढई आणि फुगेवाला यांच्या मधोमध, टेबल मांडतो. गर्दी होते, पुस्तक उचलले जाते, वजन अजमावले जाते, मागची किंमत वाचली जाते, आणि अत्यंत आस्थेने विचारणा होते, ‘हे कोन्त्या वर्गाले लागते जी?’ कोणत्याही वर्गाला लागत नाही असे कळल्यावर पुस्तक जेथून उचलले तेथे, भज्याच्या तेलाचा अंगठा उमटवून, सन्मानपूर्वक ठेवले जाते.

उरलेल्या प्रती भेटप्रती म्हणून जातात. भेटप्रत स्वीकारणारा गृहस्थ प्रथम आपल्या नावाचे शुद्धलेखन तपासतो आणि पुढे कधीही भेटला तरी ‘वाचतोच आहे’ असे सांगतो. ही क्रिया पूर्ण झाल्याची नोंद सापडत नाही. पदरच्या पैशाऐवजी लोकांचे भांडवल उभारावे, तर तोही मार्ग कादंबरीला मोकळा दिसत नाही. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी ज्ञानकोशासाठी नागपुरात रीतसर मर्यादित कंपनी काढून भाग विकले. पुढे त्यांनी ‘गोंडवनातील प्रियंवदा’ धरून अनेक कादंबऱ्याही लिहिल्या, परंतु कादंबरीच्या भरवशावर भागधारक गोळा करण्याचे धाडस त्यांनीही केल्याचे दिसत नाही.

राज्यसंस्था मात्र या लेखकाला विसरलेली नाही. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रकाशकाने प्रकाशनापासून तीस दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक आणि अन्य तीन ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवावयाची असते. आणि येथे प्रकाशक म्हणजे तोच, गठ्ठे उतरवणारा. कसूर झाल्यास पन्नास रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि शिवाय पुस्तकाची किंमतही भरावी लागते. अर्थात ज्या पुस्तकाची छापील किंमत सवलतीवाचून आजवर कोणीही मोजलेली नाही, त्याचे ती पूर्ण किंमत मोजणारे पहिले गिऱ्हाईक म्हणून कायदा खुद्द लेखकालाच उभे करतो.