भावी सडपातळ

येत्या १ जूनला मराठवाड्यातल्या निम्म्या प्रौढांचा वाढदिवस आहे. त्या दिवशी शासकीय सुट्टी का नाही, हे कोडंच आहे. पोराला शाळेत घालायला नेलं की मास्तर विचारत, "जन्म कधीचा?" आई सांगे, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. विहिरीला पाणी लागलं ना, त्या साली." रजिस्टरात विहिरीचा रकाना नसे. शाळा जूनमध्ये भरायची, वय नियमात बसायला हवं, म्हणून मास्तर १ जून लिहून मोकळे. पोरगं त्याच दिवशी वर्गात बसे.

या तारखेची खरी किंमत नोकरीच्या शेवटी कळते. महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीलाच निवृत्त होतो. त्यामुळे ३१ मे रोजी कचेऱ्यांमध्ये शाल-श्रीफळांचा तुटवडा पडतो. दुसऱ्या दिवशी उजाडतो वाढदिवस. हातात भरपूर वेळ, पोटावर तीस-पस्तीस वर्षांची सेवा आणि समोर केक. संकल्प सुचायला याहून धोकादायक मुहूर्त नाही.

आमचे भाऊजी असेच १ जूनवाले. आयुष्य सरकारी खात्यात गेलं, तेही बांधकामाच्या फायलींमध्ये. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच वाढदिवशी त्यांनी जाहीर केलं, "यंदा १० किलो वजन कमी करणार." दुसरा कुणी असता तर त्याने एक पोळी कमी केली असती. भाऊजींनी फाइल उघडली.

आधी प्रशासकीय मान्यता, म्हणजे ताईची. ती तत्काळ मिळाली; इतकी तत्काळ की भाऊजी जरा दुखावलेच. मग तांत्रिक मान्यता, म्हणजे डॉक्टरांची. मग तीन दुकानांतून बुटांची दरपत्रकं मागवली. सर्वांत महाग बूट घेतले, कारण स्वस्ताचं काम टिकत नाही, हे त्यांना खात्यातल्या अनुभवावरून ठाऊक होतं. एका रविवारी पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या गोगाबाबा टेकडीच्या पायथ्याशी भूमिपूजन झालं. नारळ फुटला, फोटो निघाले, खोबरं वाटलं गेलं. टेकडी वर होती, तिथेच राहिली. परतताना कचोरी झाली. तो खर्च आकस्मिक निधीतून.

पुढे पाहणी दौरे सुरू झाले. गारखेड्याच्या क्रीडा संकुलात धावणाऱ्यांची पाहणी, विद्यापीठाच्या आवारात चालणाऱ्यांची पाहणी, हिमायत बागेत नुसतं बसणाऱ्यांची जरा जास्त वेळ पाहणी. प्रत्यक्ष कामात मात्र अडथळे फार. जूनमध्ये आमरस संपता संपेना. मग पाऊस, मग गणपतीचे मोदक, मग दिवाळी. जानेवारीत गावाकडून हुरड्याचं बोलावणं आलं. तिकडे शेंगदाण्याची चटणी आणि दही पुढ्यात असताना काम चालू ठेवणं सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्य नव्हतं. मुदतवाढीचे अर्ज भाऊजी स्वतःच करत आणि स्वतःच मंजूर करत. शेरा एकच: 'विशेष बाब म्हणून'.

वर्षअखेरीस मोजमाप झालं. सहा किलो वजन वाढलं होतं. म्हणजे १० किलोची योजना आता १६ किलोंवर गेली. मी हळहळलो. भाऊजी शांत. "सुधारित अंदाजपत्रक आहे हे," ते म्हणाले. "आपल्या शहराच्या पाणी योजनेचं काय झालं? १,६८० कोटींची २,७४० कोटींवर गेली. प्रमाण काढून बघ."

मी मोबाइलवर काढून बघितलं. हिशेब जवळजवळ जुळत होता!

तेव्हा कळलं, भाऊजींनी आदर्श कुठला ठेवलाय ते. त्या योजनेचं भूमिपूजनही वाढदिवशीच झालं होतं. १२ डिसेंबर २०२०. शरद पवारांचा वाढदिवस, गोपीनाथ मुंड्यांचीही जयंती. एवढ्या शुभेच्छा एकाच तारखेला जमल्यावर पाणी स्वतःहून चढ चढून यायला हवं होतं. जायकवाडीचा नाथसागर शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर, आणि नळ मात्र आठवडा-आठवडा कोरडे. आधी 'समांतर' जलवाहिनी वर्षानुवर्षं गाजली. २०१६ मध्ये तिचा करार महापालिकेनेच गुंडाळला. मग नवी योजना आली. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने वेळोवेळी कान उपटले आणि तारीख पुढे सरकत राहिली. "बघ," भाऊजी म्हणाले, "संकल्प कधी फसत नसतो. तो प्रगतिपथावर असतो."

"पण भाऊजी, याच गावात मलिक अंबरने चारशे वर्षांपूर्वी नहर बांधून पाणी आणलं होतं की!"

"त्याच्याकडे मुदतवाढीची सोय नव्हती. म्हणून बिचाऱ्याला काम पूर्ण करावं लागलं."

यंदा त्यांनी प्रसिद्धीचा आराखडाही केलाय. वाढदिवस आणि संकल्प या दोन्ही गोष्टी आपल्याकडे फलकावर एकत्र येतात, हे त्यांनी नेमकं हेरलं. क्रांती चौकातून टीव्ही सेंटरपर्यंत नुसती नजर फिरवा. मधोमध गॉगल लावलेले उत्सवमूर्ती, कानाला मोबाइल, वर नेत्यांचे छोटे चेहरे, खाली शुभेच्छुकांची जत्रा आणि नावाआधी दोन शब्द: 'भावी नगरसेवक'. हा असतो जाहीर केलेला वैयक्तिक संकल्प. एप्रिल २०२० मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढे पाच वर्षांहून जास्त काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. एवढा काळ शहरात एकही नगरसेवक नव्हता, भावी मात्र गल्लोगल्ली. कित्येकांचे केस पिकले, फलकावरचा फोटो तोच. आजी असताना लोक रस्त्याचा जाब विचारतात, माजी झाल्यावर ओळख विसरतात. भावीला फक्त हार घालतात.

तर भाऊजींनी मजकूर ठरवून टाकला. बंगल्याच्या फाटकावर फलक लागणार: 'भावी सडपातळ यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!' शुभेच्छुक म्हणून माझं नाव न विचारताच घातलंय. रीतच आहे ती.

ताई हे सगळं आतून ऐकत होती. "बघायलास ना काय करायलेत तुझे भाऊजी," ती म्हणाली. तिचीही जन्मतारीख १ जूनच. दोघांचे मास्तर वेगळे, अक्कल एकच. मी सहज विचारलं, "ताई, तुझा यंदाचा संकल्प काय?"

"मला कुठला आलाय संकल्प! रात्री दोनला नळ येणार आहे. मोटार लावायची, टाकी भरायची, हौद भरायचा. यांना सकाळी फिरायला उठवायचं, नाही उठले तर पोहे करायचे, उठले तरी करायचेच. आणि आजपासून पोह्यात तेल निम्मं, ते यांना सांगू नको."

भाऊजींच्या कानावर ते गेलंच. पण रागावले नाहीत. चष्मा चढवला, फाइल ओढली आणि 'अंमलबजावणी यंत्रणा' हा वर्षभर कोरा राहिलेला रकाना सुवाच्य अक्षरात भरून टाकला: 'सौ.'