घोडी कापू नका

बैलगाडा शर्यतीतल्या गाडामालकाला फोटोत काय हवं असतं, ते आधी सांगतो. बैलाचं तोंड हवं, शिंगांचा रंग हवा, मागं गर्दी हवी आणि मुख्य म्हणजे पाय हवेत वर. चारी. एका गाड्याला बैल चार, म्हणजे पाय झाले सोळा. हे सोळाच्या सोळा पाय एकाच क्षणी जमीन सोडून वर गेलेले दिसले पाहिजेत, अशी अट घालून शेठ वर विचारणार, "एवढी मोठी लेन्स लावलीय, मग ती कशाला?"

मी मूळचा लग्नातला फोटोग्राफर. लग्नात सगळं निवांत असतं. नवरदेवाला सांगता येतं, हार परत एकदा घाला, जरा इकडं बघून हसा. मुलीचे मामा मधे आले तर त्यांना हाताला धरून बाजूला करता येतं. घाटात बैलांना "परत एकदा पळा" म्हणायची सोय नाही, आणि मधे आलेल्या मामांना बाजूला करायचं काम बैलच करतात.

वेगवान जनावरांचे फोटो कसे काढावेत याचे धडे मी शोधले, तर जे हाताला लागलं ते अमेरिकेतल्या बॅरल रेसिंगचं. मैदानात तीन पिंपं त्रिकोणात मांडायची, घोडेस्वाराने तिन्हींना वळसे घालून सुसाट परत यायचं. पिंप पडलं की वेळेत पाच सेकंद वाढतात. तिकडचे जाणकार सांगतात, पिंपाशी आधीच फोकस लावून ठेवा. वळताना घोडा वेग कमी करतो, आत झुकतो, स्वाराचा चेहरा समोर येतो, तिथं बटण दाबा. सल्ला उत्तम आहे. मी तो पाठ करून कवठे येमाईच्या बाजूच्या एका घाटात गेलो. तिथं वळण नव्हतं. घाट म्हणजे खालून वर सरळ चढाची धाव. पिंप मात्र होतं एक, पाण्याचं, आणि त्याच्यावर चार जण उभे होते.

बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, आटोपते बारा-तेरा सेकंदांत. वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात, कारण घाटाचा राजा कोण ते तिथंच ठरतं. गाड्यावर कोणी बसत नाही. खाली बैल जुंपून सोडले की माइकवरचा गडी "झाली, झाली" करत "भिर्रर्र" म्हणेपर्यंत बारी वर पोचलेली असते. तेवढ्यात कुणीतरी भंडारा उधळतो. कॅमेऱ्याच्या ऑटोफोकसला भंडारा फार आवडतो. समोर चार बैल आणि हजारभर माणसं असताना तो हवेतल्या पिवळ्या धुळीचा एकेक कण स्पष्ट टिपतो. भंडाऱ्याचे इतके सुंदर फोटो जेजुरीतही कुणी काढले नसतील.

त्यात गर्दीचे हात. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ ला शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा घाटात फोटो काढणारा एखादाच असायचा. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि लोक घाटात परतले ते प्रत्येक जण खिशात कॅमेरा घेऊन. काठी, चाबूक यांना आता नियमाने मनाई आहे. मोबाइल वर धरलेल्या हातांबद्दल नियम गप्प आहेत.

मला शिकवलं ते एका आबांनी. धोतर, पांढरी टोपी, घाटाच्या कडेला उकिडवे बसलेले. माझी धडपड बराच वेळ बघून म्हणाले, "बैलाकडं कशाला बघतो रं? घोडीकडं बघ की."

आपल्याकडच्या घाटात बारीपुढं घोडी धरतात. वर एक पोरगा, मान मागं वळवून बैलांचा अंदाज घेत, आणि त्याच्या मागं चार बैल वाऱ्यासारखे. घोडी पुढं असते म्हणून बैलांना दिशा मिळते. आबांचं गणित साधं होतं. कडेचा एक दगड हेरायचा. फोकस त्या दगडाच्या रेषेवर लावून सोडून द्यायचा, ऑटोफोकस बंद. घोडी दगडापाशी आली की श्वास धरायचा, तिचं शेपूट दगड ओलांडून गेलं की बटण. शटर १/१००० किंवा त्याहून जलद. आबांना शटर ठाऊक नव्हतं, बाकीचं सगळं ठाऊक होतं. शिवाय त्यांनी मला निशाणाच्या पुढच्या जागेवरून उठवलं. बारी संपली हे घड्याळाला कळतं, बैलांना लगेच कळत नाही.

आता त्या पायांचं. जून १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात पालो आल्टोला एडवर्ड मायब्रिजने धावपट्टीच्या कडेला ओळीने कॅमेरे मांडले, आडव्या दोऱ्या बांधल्या, आणि घोड्याने दोरी तोडली की शटर उघडेल अशी युक्ती केली. पैसा रेल्वेवाले लेलँड स्टॅनफर्ड यांचा. भरधाव पळताना चारी पाय एकदम हवेत जातात, हे त्या फोटोंनी दाखवून दिलं. पण ते वर जातात पोटाखाली गोळा झालेले असताना. पुढचे पुढं, मागचे मागं असे ताणलेले नव्हे. चित्रकार जेरिकोने १८२१ साली एप्सम डर्बीचे घोडे तसे ताणून रंगवले होते. चित्र लूव्हरमध्ये आहे, देखणं आहे, आणि चूक आहे.

आमच्या शेठना मी घोडीचा असाच पाय गोळा झालेला फोटो दाखवला. ते म्हणाले, "ही बसायला लागलीय का?" त्यांचं मत जेरिकोच्या बाजूने आहे. मायब्रिजपुढं एका वेळी पाय चारच होते. माझ्यापुढं घोडी धरून वीस, आणि स्टॅनफर्डसाहेब नाहीत.

दौंडकडे, बारामतीच्या दिशेला निघालं की छकड्यांची मैदानं लागतात. सपाट रान, एका वेळी बऱ्याच छकड्या, प्रत्येकीवर हाकणारा. इथं कडेला उभं राहून शटर १/६० वर आणायचं आणि छकडीबरोबर कॅमेरा कमरेपासून फिरवत न्यायचा. जमलं तर बैल स्पष्ट आणि मागची गर्दी रंगांच्या रेघा. शेठ लोकांना हा प्रकार पसंत नाही. रेघांमध्ये त्यांचे मेहुणे असतात.

पण दौंडला गेलं की मला घोडीच आठवते. भीमेकाठचा हा मुलूख एकेकाळी भीमथडी म्हणून ओळखला जायचा. भीमथडीच्या तट्टांवर मराठी फौजा उत्तरेपर्यंत गेल्या, २०२३ पासून आपल्या राज्यगीतातही ती तट्टं आहेत, आणि अलीकडे या घोड्याची स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारी नोंदही झाली. एवढा मान, आणि यात्रेच्या फ्लेक्सवर घोडी कुठं? मी पाठवलेल्या प्रत्येक फोटोत ती सगळ्यांत पुढं असते, आणि छापून येते तेव्हा फ्लेक्सच्या कडेला तिचं शेपूट तेवढं उरतं. मायब्रिजने ज्या सॅली गार्डनरचे फोटो काढले, तीही घोडीच होती. तिला कुणी कापलं नाही.

तेव्हा शिरूर-दौंडच्या समस्त फ्लेक्सवाल्या बंधूंना विनंती, फोटो घोडीसकट छापा. जागा कमी पडत असेल तर वरच्या गॉगलवाल्या शुभेच्छुकांपैकी दोन काढून टाका. त्यांतले एक माझे चुलते आहेत. त्यांची समजूत मी घालतो.